काढणीपूर्वीचे पंधरा दिवस

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता. वक्ते शाळेचे माजी विद्यार्थी असून गेली अनेक वर्षे नाशिक जिल्ह्यात वाइननिर्मितीच्या क्षेत्रात कार्यरत आहेत.)



संयोजकांचे निमंत्रण आले तेव्हा मी प्रथम संकोचलो. शाळेच्या व्यासपीठावरून वाइन करणाऱ्या माणसाने काय बोलावे, हा प्रश्न मला पडला आणि तो आपल्यापैकी काहींनाही पडला असेल. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा उठलेले वादंग आपल्या स्मरणात असेलच. त्या वादात मी आज शिरणार नाही. माझे वडील माळकरी होते. मुलगा काय करतो असे कोणी विचारले की ते ‘द्राक्षाच्या कारखान्यात असतो’ एवढेच सांगत, आणि ते खोटेही नव्हते. मी आज बोलणार आहे ते टाकीत रस पडण्यापूर्वीच्या दिवसांविषयी, म्हणजे वेलीवरचा घड आणि डोक्यावरचे आकाश यांच्यामध्ये उभे राहून ‘आज काढायची की थांबायचे’ हे ठरवण्याच्या कामाविषयी. या कामाचा पहिला धडा मला याच शाळेत मिळाला, म्हणून हा विषय येथे मांडण्याचे धाडस करतो.

आमच्या वेळी मागच्या विहिरीपाशी, तारेच्या कुंपणात, एक पर्जन्यमापक होता. भूगोलाच्या गुरुजींनी आठवीच्या मुलांकडे तो वाटून दिला होता. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता नरसाळे काढायचे, बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतायचे आणि मिलिमीटरचा आकडा वहीत लिहायचा. माझ्या आठवड्यात एके सकाळी आभाळ कोरडे होते, मी विहिरीपर्यंत गेलोच नाही आणि वर्गात बसून वहीत शून्य लिहिले. गुरुजींनी वही पाहिली, मला मागे नेले आणि बाटली उपडी केली. पहाटे एक हलकी सर येऊन गेली होती, दीड मिलिमीटर पाणी निघाले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “शून्य हाही आकडाच आहे. तोही मोजूनच लिहायचा असतो.” पुढे पाचशे-सातशे एकरांवरील द्राक्षांचे आकडे मी लिहिले, पण त्या दीड मिलिमीटरने दिलेली शरम अजून ताजी आहे.

आपल्या तालुक्याला द्राक्ष नवे नाही. ओझर, उगाव, पिंपळगाव बसवंत या नावांबरोबर द्राक्ष मनात येतेच. पण ते खाण्याचे द्राक्ष. वाइनच्या द्राक्षाची गोष्ट वेगळी आणि अलीकडची. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञानाच्या साहाय्याने फसफसणारी वाइन केली, आणि गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेली लावल्या. २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले, विंचूरला वाइन पार्क झाले आणि टेबलाच्या द्राक्षाला कंटाळलेल्या अनेकांनी शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लां अशी तोंडात न बसणारी नावे आपल्या बांधावर आणली. तोंडात ती लवकरच बसली. आज आपल्याकडचा शेतकरी ‘सॉव्हिन्यॉ’ असे म्हणतो तेव्हा पॅरिसच्या माणसालाही दोष काढता येणार नाही. मग २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी कोसळली, कित्येकांचा माल वेलीवरच राहिला आणि त्यांनी वेली उपटल्या. या सभागृहात असे काहीजण बसलेले मला दिसत आहेत. तो इतिहास मी भरभर सांगून टाकला, कारण तो आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

मी स्वतः या वाटेला आलो तो फार लांबून, गिंडीवरून. १९९६ साली गेट परीक्षेच्या गुणांवर मला तिथल्या अण्णा विद्यापीठाच्या अळगप्पा तंत्रज्ञान महाविद्यालयात रसायन अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला. त्याच वर्षी मद्रासचे चेन्नई झाले, त्यामुळे घरून येणाऱ्या पत्रांवर कधी हे नाव असे तर कधी ते. गिंडीचा तो परिसर मोठा भारदस्त. १७९४ साली भूमापनशाळा म्हणून सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच आवारात, आणि सरदार पटेल रस्त्याच्या पलीकडे ऐन शहरात काळवीट बाळगणारे राष्ट्रीय उद्यान. निफाडच्या मुलाला तिथे दोन गोष्टींचा धक्का बसला. एक म्हणजे सकाळच्या न्याहारीला सांबार. दुसरी म्हणजे पाऊस. आपल्याकडे दसऱ्याला पाऊस निरोप घेतो. तिथे तो दसऱ्यानंतर खऱ्या अर्थाने येतो. चेन्नईच्या वार्षिक पावसातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. दिवाळीची सुट्टी संपवून मी परत जाई तेव्हा गिंडी स्टेशनबाहेर पाणी साचलेले असे. इकडे त्याच दिवसांत वडिलांची फळछाटणी होऊन वेलींना घड निघत असत.

वसतिगृहातला माझा सोबती तंजावरकडचा, भातशेतकऱ्याचा मुलगा. आमच्या सरफोजी राजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय त्याच्या गावापासून जवळ, एवढ्या धाग्यावर आमची मैत्री जमली. तो रोज वर्तमानपत्रातला उपग्रहाचा ढगांचा फोटो कापून भिंतीला लावी. त्याच्या वडिलांची कुरुवाई, सांबा ही भाताची पिके आणि बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे यांचा संबंध त्याला पाठ होता. त्याच्याकडून मी हे शिकलो की आपल्या द्राक्षावर येणारे ढग नेहमी पश्चिमेच्या समुद्रातून येत नाहीत. हिवाळ्यातला अवकाळी पुष्कळदा पूर्वेच्या समुद्रात जन्म घेतो.

तिथल्या प्रयोगशाळेतली एक आठवण मात्र सांगायला हवी. मी एका द्रावणातल्या साखरेचे प्रमाण मोजून अहवाल दिला, २२.४ टक्के. प्राध्यापकांनी तो परत केला आणि समासात इंग्रजीत एकच प्रश्न लिहिला, की हा आकडा तुला किती खरा वाटतो? मी पुन्हा पाच वेळा मोजले. २१.९ पासून २२.८ पर्यंत उत्तरे आली. आकड्याबरोबर त्याची संभाव्य चूक लिहिली नाही तर आकडा अपुरा, हे त्या दिवशी कळले. गुरुजींचे शून्य आणि प्राध्यापकांचा हा प्रश्न, एवढ्या शिदोरीवर मी वाइनरीत नोकरीला लागलो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो.

आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. मण्यात पाणी उतरले की माझे दिवस सुरू होतात. जानेवारीपासून मार्चपर्यंत प्रत्येक प्लॉटचे काढणीपूर्वीचे पंधरा दिवस माझ्या वहीत स्वतंत्र पानावर असतात. पहाटे निघायचे, दव असतानाच बागेत पोचायचे आणि नमुना घ्यायचा. नमुना म्हणजे निदान दोनशे मणी. ओळीच्या टोकाच्या वेली वगळायच्या, कारण त्यांना ऊन आणि वारा जास्त मिळतो. एक मणी उगवतीच्या बाजूचा, एक मावळतीच्या. एक घडाच्या खांद्यावरचा, एक मधला, एक शेंड्याचा. खांद्यावरचे मणी आधी गोड होतात, शेंडा मागे राहतो. येथे माणसाचा हात त्याला फसवतो. आपण कितीही ठरवले तरी बोटे टपोऱ्या, रंगलेल्या मण्याकडे जातात आणि नमुना बागेपेक्षा गोड निघतो. म्हणून मी हल्ली घडाकडे न पाहता हात घालतो. वर्गात बसून शून्य लिहिणारा मुलगा आणि डोळ्यांना आवडलेला मणी तोडणारा तज्ज्ञ यांच्यात फरक फारसा नाही.

मणी पिशवीत चिरडायचे, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स वाचायचे. ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर. पांढऱ्या वाइनसाठी २० ते २२, तांबडीसाठी २३-२४ च्या आसपास. २२ ब्रिक्सच्या रसातून साधारण साडेबारा टक्के मद्यार्क मिळतो. पण साखर ही अर्धीच बाजू झाली. उरलेली बाजू आम्लाची. रस प्रयोगशाळेत नेऊन त्याचा पीएच पाहायचा, आम्ल मोजायचे. त्यातले मॅलिक आम्ल मणी स्वतःच श्वसनात जाळतो, आणि उष्णता जितकी अधिक तितके ते भरभर जळते. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, बागाईतदार रात्री शेकोट्या पेटवून वेली जपतात. वाइनच्या दृष्टीने थंडीचे हे दिवस, फार टोकाला गेले नाहीत तर, उपकारकच. रात्र थंड असली की आम्ल टिकते.

फ्रान्समध्ये आणि आपल्यात जो मोठा भेद आहे तो इथे लक्षात येतो. तिथे काढणी उन्हाळा सरल्यावर, सप्टेंबरात. दिवस थंड होत जातात आणि थांबणाऱ्या माणसाला पावसाची व थंडीची भीती असते. आपल्याकडे काढणी हिवाळ्यातून उन्हाळ्याकडे सरकते. फेब्रुवारी उलटला की दुपारचे ऊन रोज थोडे चढते, साखर धावत सुटते आणि आम्ल घसरते. म्हणजे फ्रेंच पुस्तकात ‘आणखी आठवडाभर थांबावे’ असे लिहिलेले आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येत नाही. सुरुवातीच्या काळात परदेशी सल्लागारांच्या टिपणांवर विसंबून आम्ही या चुका केल्या आहेत.

यंत्रे झाली की जीभ. मणी तोंडात घालून साल, गर आणि बी वेगवेगळे चावायचे. बी हिरवट असेल तर ते तुरट, जिभेला चिकटणारे लागते. पिकलेले बी तपकिरी होते आणि भाजलेल्या दाण्यासारखे कडकन फुटते. कॅबर्ने कच्चे असेल तर त्याला ढोबळी मिरचीचा वास येतो. साल बोटांत चोळली की रंग सुटतो का हे पाहायचे. मग फवारणीची वही मागायची. शेवटचे औषध केव्हा मारले, गंधक केव्हा, हे पाहावेच लागते, कारण उशिरा मारलेले गंधक सालीवर राहिले तर आंबवणीच्या वेळी टाकीला सडक्या अंड्याचा वास येतो. भुरी कुठे उरली आहे का, घडाच्या आत मणी दबून फुटले आहेत का, ठिबक किती तास चालू आहे, हे सगळे विचारायचे. शेवटी पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांची टोळी कोणत्या दिवशी मोकळी आहे, हाही प्रश्न. पहाटे पाचला खुडा सुरू करून ऊन चढायच्या आत माल वाइनरीत पोचला पाहिजे, आणि ते हातांवर अवलंबून आहे. पुस्तके टोळीविषयी काही सांगत नाहीत.

हे सगळे आकडे हाती आल्यावर माणूस मान वर करतो.

नोव्हेंबर २००९ मधले फयान चक्रीवादळ आपल्याला आठवत असेल. श्रीलंकेच्या बाजूला सुरू झालेली ती गडबड तमिळनाडूत मुसळधार पाऊस पाडून, निलगिरीत दरडी कोसळवून अरबी समुद्रात उतरली आणि ११ नोव्हेंबरला अलिबागजवळ किनाऱ्यावर आली. फुलोऱ्यातल्या बागांचे काय झाले ते या परिसराने पाहिले. २०१७ मध्ये ओखी कन्याकुमारीजवळून निघाले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुजरातच्या किनाऱ्याशी येईतो विरले, तरी त्याचा पाऊस आपल्या बागांवर पडलाच. वादळ आपल्यापर्यंत आले नाही तरी पूर्वेचे बाष्प येते. त्याच वेळी उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाबरोबर वरच्या थरात थंड हवा उतरली, की या दोहोंच्या भेटीतून गारपीट होते. वसतिगृहातला माझा तो सोबती आज गिंडीजवळच राहतो. डिसेंबर-जानेवारीत कधी रात्री त्याचा फोन येतो, “इकडे अवेळी सुरू झाला आहे, तुझा माल अजून वेलीवर आहे का?” हवामान खात्याचा अंदाज मी रोज वाचतो, मोबाइलवरची चार चित्रे पाहतो, पण या फोनने जेवढी झोप उडते तेवढी कशानेही उडत नाही.

आणि आता जे सांगायला मी खरे तर इथे उभा आहे ते सांगतो.

२०१४ चा मार्च. फेब्रुवारीच्या अखेरीपासून राज्यभर गारपीट चालू होती, ते वर्ष कोणी विसरलेले नाही. त्या वेळी मी ज्या वाइनरीत होतो तिच्यासाठी करारावर माल पिकवणाऱ्यांत माझ्या वर्गमित्राचे वडील होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. त्यांचे दीड एकर कॅबर्ने. गुरुवारी सकाळी मी नमुना घेतला, २३.१ ब्रिक्स. करारात ठरलेली साखर २३ होती. बी तपकिरी व्हायला लागले होते, मिरचीचा वास गेलेला होता. अंदाजात विजांसह पावसाची शक्यता दिलेली होती. मी आप्पांना म्हणालो, “आप्पा, अजून थोडी वाढू द्या. सोमवारी काढू.”

आप्पांनी आभाळाकडे पाहिले. म्हणाले, “अरे, हवा काही बरी दिसत नाही. पण तू शिकलेला माणूस. तू म्हणतोस तर थांबू.”

माझ्या बोलण्यात खोटे काही नव्हते. चार दिवसांत अर्धा-पाऊण ब्रिक्स वाढले असते आणि वाइन थोडी भरदार झाली असती. पण मी जे बोललो नाही ते असे, की आमच्या तांबड्या वाइनच्या टाक्या भरलेल्या होत्या आणि रविवारी रात्रीपर्यंत एकही रिकामी होणार नव्हती. सोमवार हा द्राक्षाने ठरवलेला दिवस नव्हता, तो टाकीने ठरवलेला होता. शिवाय २३.१ हा आकडा दहा वेलींवरचा होता. त्यात अर्धा इकडे-तिकडे होऊ शकतो, म्हणजे बाग कदाचित आधीच तयार असेल, हे मला ठाऊक होते आणि मी ते सांगितले नाही.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास दहा मिनिटे गारा पडल्या. मी पोचलो तेव्हा ओळींमध्ये पानांचा हिरवा थर पडलेला होता आणि त्याखाली गारा वितळत होत्या. घड फुटलेले, मण्यांतून रस ठिबकत होता. पुढच्या वर्षी ज्यांतून फळ यायचे त्या काड्यांवरही जखमा होत्या. दोन दिवसांत बागेला आंबूस वास सुटला. सहा टनांच्या मालातून एक क्रेटही आम्ही घेऊ शकलो नाही. करारात लिहिलेले होते की काढणीपूर्वी निसर्गामुळे होणारे नुकसान उत्पादकाचे. कागद स्पष्ट होता, त्यावर आप्पांची सही होती आणि साक्षीदार म्हणून माझी.

ते मला एक शब्द लागेल असे बोलले नाहीत. बांधावर बसून होते. बऱ्याच वेळाने त्यांनी एवढेच विचारले, “सोमवारच का म्हणाला होतास?” माझ्याच्याने उत्तर देववले नाही. दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो आणि टाक्यांचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, वहिनींना चहा टाकायला सांगितले आणि म्हणाले, “हे गुरुवारी सांगितले असतेस तर मी दुसऱ्याला विचारले असते. कमी भावात गेली असती, पण गेली असती.”

मित्रहो, माझ्या धंद्यात ‘थांबा’ हा शब्द फार सहज उच्चारला जातो. वाइनवरच्या सगळ्या पुस्तकांत धीर धरणाऱ्याची स्तुती असते. पण धीर धरतो तो वाइन करणारा आणि माल असतो दुसऱ्याच्या वेलीवर. चार दिवस थांबून वाइन चांगली झाली तर बाटलीवर आमचे नाव लागते. थांबण्यात गारा आल्या तर नाव कोणाचेच लागत नाही, कर्ज मात्र एका सातबाऱ्यावर चढते. मला हे कळायला आप्पांचे दीड एकर जावे लागले याची मला लाज आहे, आणि ज्यांनी मला ‘शून्यही मोजून लिही’ असे शिकवले त्यांच्या शाळेत ती लाज सांगणे मला योग्य वाटते.

त्यानंतर माझ्या वहीत रकाने बदलले. पूर्वी तारीख आणि आकडा असे. आता आकड्यापुढे त्याची चूक, म्हणजे किती इकडे-तिकडे होऊ शकते ते असते आणि त्याच्यापुढे ‘का थांबायचे’ हा रकाना. त्या रकान्यात ‘बी’, ‘आम्ल’, ‘वास’ असे शब्द असतील तर ते द्राक्षाचे कारण. ‘टाकी’, ‘मजूर’, ‘प्रेस नादुरुस्त’ असे असेल तर ते आमचे कारण. वही मी उत्पादकाला दाखवतो, अंदाजही त्याच्यासमोर वाचतो. ‘पावसाची शक्यता चाळीस टक्के’ याचा अर्थ साठ टक्के निर्धास्त राहा असा नव्हे, तर दहापैकी चार वेळा तुमचा माल भिजेल असा आहे, हे सांगताना मला गिंडीचे प्राध्यापक आठवतात. पुष्कळदा उत्पादक सगळे ऐकून स्वतःच थांबायचे म्हणतो. तो त्याचा निर्णय असतो आणि तो घेण्याचा त्याला अधिकार आहे.

दुसरा बदल करायला मात्र मला चार वर्षे लागली आणि एक नोकरी बदलावी लागली. सध्या जिथे काम करतो तिथल्या करारात आम्ही एक कलम घातले आहे. ठरलेली साखर आल्यानंतर आमच्या सांगण्यावरून माल वेलीवर ठेवला आणि त्या दिवसांत नुकसान झाले, तर त्यातला अर्धा वाटा आमचा. सगळीकडे असे आहे, असे नाही. हिशेबनीस मंडळींना ते अजूनही पसंत नाही. आजवर दोनदा आम्हाला पैसे द्यावे लागले. परंतु एक गंमत सांगतो, हे कलम आल्यापासून माझे ‘थांबा’ म्हणणे निम्म्यावर आले आहे. स्वतःचे पैसे गुंतले की माणसाला बी लवकर तपकिरी दिसू लागते.

फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात बोन नावाचे गाव आहे. तिथल्या काढणीच्या तारखा १३५४ सालापासून जुळवता आल्या आहेत. नगरपालिकेच्या दप्तरात, चर्चच्या जमाखर्चात मजुरांना कोणत्या दिवशी पैसे दिले याच्या नोंदी होत्या, त्यांवरून अभ्यासकांनी २०१८ पर्यंतची माळ लावली आणि २०१९ साली ती प्रसिद्ध केली. १९८७ पर्यंत काढणी सरासरी २८ सप्टेंबरपासून सुरू होत असे. १९८८ नंतर ती तेरा दिवस अलीकडे आली. पृथ्वी तापते आहे याचा हा पुरावा मजुरीच्या हिशेबातून निघाला, कोणत्याही वेधशाळेशिवाय. माझ्या वह्या वीस-बावीस वर्षांच्या आहेत, त्यांवरून असा निष्कर्ष काढण्याचे धाडस मी करणार नाही. आपल्याकडे छाटणीची तारीख माणूस ठरवतो, त्यामुळे काढणीची तारीख केवळ हवामान सांगत नाही. परंतु या परिसरातल्या जुन्या बागाईतदारांकडे छाटणीच्या, फवारणीच्या, खुड्याच्या वह्या आहेत हे मला माहीत आहे. माळ्यावर, ट्रंकेत, कुठे लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात असतील. त्या रद्दीत घालू नका. शाळेने हीरक महोत्सवाच्या निमित्ताने एक कपाट दिले तर मी स्वतः येऊन त्या लावून देईन. मुख्याध्यापकांशी माझे याविषयी बोलणे झाले आहे आणि कपाट मिळेल असे त्यांनी म्हटले आहे. विहिरीपाशी पुन्हा पर्जन्यमापक बसवण्याची परवानगीही त्यांनी दिली आहे. आठवीची मुले लागतील, रोज साडेआठला.

२६ नोव्हेंबर २०२३ ला आपल्याकडे गारा पडल्या तो दिवस अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. त्या रात्री गिंडीहून माझ्या सोबत्याचा फोन आला, बराच वेळ आम्ही बोललो. आठवडाभरात चेन्नईवर मिचाँग वादळाचा पाऊस कोसळला आणि गिंडी-वेळचेरीचा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा फोन मी केला. दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा तो तिसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होता आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, “ढग तुमच्याकडे सरकले का?”

आप्पा आता थकले आहेत. त्यांची बाग नातू पाहतो, तोही याच शाळेचा विद्यार्थी. २०१४ नंतर त्यांनी दोन वर्षे कॅबर्नेकडे पाहिले नाही, मग पुन्हा त्याच दीड एकरात शेनिन लावले आणि माल आम्हालाच देतात. गेल्या मंगळवारी तिथे २०.६ ब्रिक्स होते, अर्धा इकडे-तिकडे. आम्ल अजून चांगले आहे. शुक्रवारी ढगांचा अंदाज आहे, आमची टाकी बुधवारी रात्री मोकळी होते. हे सगळे मी नातवाला सांगितले आहे आणि त्याने उद्याच्या नमुन्यानंतर ठरवू असे म्हटले आहे. उद्या पहाटे साडेपाचला मला तिथे पोचायचे आहे, म्हणून आपली रजा घेतो.